डॅरेनची काडी

बर्फ फोडायला गार्थच्या तळ्यावर एक जुनी लोखंडी पहार होती, दोराला बांधलेली. ती फेकायची, बर्फात भोक पाडायचं, ओढून घ्यायची, पुन्हा फेकायची. जानेवारीतल्या त्या रविवारी नॉरिस बीव्हर्स उजाडल्यापासून हेच करत होता. कुणी कुठं बसायचं ते अजून ठरायचं होतं, म्हणून तो सगळ्यांच्याच जागा मोकळ्या करत सुटला होता.

"अरे हळू! खालचे मासे बहिरे होतील," काठावरून क्लाइव्ह ओग्डन ओरडला. त्याच्या दोन्ही हातांत एकेक बेकन सँडविच होतं.

"तू दिवसभर इथं बोलणार म्हटल्यावर बहिरे झालेलेच बरे."

"यातलं एक तुझ्यासाठी आणलं होतं. आता दोन्ही मीच खातो."

आणि त्यानं खरंच दोन्ही खाल्ली.

नॉरिस सदुसष्ट वर्षांचा. नॉटिंग्लीच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यानं उभा जन्म साच्यांचा फिटर म्हणून काढला. कारखाना बंद पडला, पण कामगारांचा मासेमारीचा क्लब तेवढा जिवंत राहिला. कुठल्याही क्लबात एक माणूस असा असतो, की ज्याचं नाव बक्षिसांच्या फळीवर नसतं पण ज्याच्यावाचून पान हलत नाही. गार्थच्या तळ्यावर तो माणूस म्हणजे नॉरिस. पायवाटेवर राख टाकायची त्यानं, तुटलेल्या फळ्या ठोकायच्या त्यानं, कुणाचा गळ झाडात अडकला तर शिडी आणायची त्यानं. आणि सामन्यात कुणी विचारलं, "काय नॉरिस, लागतंय का काही?" तर हा खरं उत्तर द्यायचा. बाकीचे सगळे खोटं बोलत. ज्याचं धरलेले मासे ठेवायचं जाळं भरलंय तो म्हणायचा, कुठलं काय, दोन चिंगळ्या. ज्याला दिवसभर काही शिवलं नाही तो म्हणायचा, पलीकडच्या काठावर काय लूट चाललीय ऐकलंस का. शेजाऱ्याचं धैर्य खचवणं हा तिथल्या खेळाचा अर्धा भाग होता आणि त्यात क्लाइव्हचा हात धरणारा कुणी नव्हता. चाळीस वर्षं तो नॉरिसला थापा मारत आला होता आणि चाळीस वर्षं नॉरिस हसून आपल्या कामाला लागत आला होता.

त्या दिवशीचा सामना डॅरेनच्या नावाचा होता. डॅरेन नॉरिसचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी, चौतिसाव्या वर्षी, तो झोपेत गेला. हृदयात जन्मापासून काहीतरी होतं म्हणे, ते कुणालाच कळलं नव्हतं. सोमवारी कामावर जायला उठला नाही, एवढंच.

पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारी जी काडी असते, ती डॅरेन स्वतः घडवायचा. मोरपिसाची दांडी आणायची, ती उन्हाळाभर वाळवायची, कानशीनं निमुळती करायची, तीनदा वार्निश द्यायचं, टोकाला ब्रशच्या एका केसानं नारिंगी ठिपका. त्यानं केलेल्या शेवटच्या काडीचं वार्निश तो गेला तेव्हा पुरतं वाळलेलंही नव्हतं. अंत्यविधी झाल्यावर क्लबातली माणसं चहाला घरी आली आणि सगळ्यांच्या समोर नॉरिसनं ती काडी काढून क्लबला देऊन टाकली. त्याच्या नावानं दर वर्षी हिवाळ्यात एक सामना लावा, म्हणाला, आणि हे त्याचं बक्षीस. पॉलीनला, त्याच्या बायकोला, त्यानं विचारलं नव्हतं. ती किटली घेऊन दारात उभी होती आणि तिथंच उभी राहिली.

मग त्यानं ओकच्या तुकड्यावर ती काडी उभी बसवली आणि तिच्यावर कारखान्याच्या शेवटच्या घाण्यातली एक काचेची बरणी उलटी घातली. जिंकणाऱ्यानं ती वर्षभर आपल्या घरी ठेवायची आणि पुढच्या जानेवारीत आणून द्यायची. ज्याच्या घरी काडी असेल त्याच्याकडे त्या वर्षी पॉलीनचं जाणं-येणं वाढे. केक घेऊन जायची, चहा घ्यायची, काडीबद्दल शब्दही काढायची नाही. क्लबाचे सेक्रेटरी विल्फ पिकर्सगिल जिंकले त्या वर्षी त्यांची बायको म्हणाली होती, "ती येते ना, तेव्हा मी मुद्दाम दहा मिनिटं स्वयंपाकघरात रेंगाळते."

पण यंदाचा सामना शेवटचा होता. तळ्याच्या मालकाला मार्चपासून तिथं सुट्टीवर येणाऱ्यांसाठी लाकडी घरं बांधायची होती. क्लब मोडायचं ठरलं होतं. म्हणजे आज जिंकेल त्याच्याकडे ती काडी कायमची जाणार. सभेत विल्फ म्हणाले होते, "सामना राहू दे, नॉरिस. ती तू घरी घेऊन जा. कोण नाही म्हणणार आहे?" खरंच कुणी नाही म्हटलं नसतं. पण नॉरिसच म्हणाला, "सामना लावायचा तर त्याला बक्षीस हवं. जिंकून नेईन." हे ऐकून पॉलीन दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्या रविवारी सकाळी, तळ्याकाठच्या क्लबाच्या केबिनमध्ये चहाची भांडी मांडताना, ती एवढंच म्हणाली, "नॉरिस, आज ती घरी यायला हवी."

"हो."

"हो म्हणू नकोस. आण."

जागांसाठी चिठ्ठ्या नव्हत्या, पिशवीत नंबर टाकलेले लाकडी गोळे होते. नॉरिसच्या हाताला शेवटची जागा आली, बोरूच्या बेटाजवळची. क्लाइव्ह त्याच्या शेजारी. समोरच्या काठावर, वाऱ्याच्या तोंडी, ली हॅडफील्ड नावाचा पस्तिशीचा एक पाहुणा गेला. तो लिंकनकडचा. त्याचा मेव्हणा क्लबात होता, तो आजारी पडला म्हणून त्याच्या जागी हा आला होता. इथं कुणाला ओळखत नव्हता. नॉरिस सामान हातगाडीवर चढवत होता तिथं तो आला.

"काका, तुम्ही इथले जुने दिसता. आज काय चालेल हो? मी अळ्या आणल्यात."

"अळ्या राहू दे," नॉरिस म्हणाला. "बर्फाखालचं पाणी काचेसारखं झालंय. ब्रेड लाव. आख्खा तुकडा नाही, टाचणीच्या डोक्याएवढा. आणि चारा अगदी चिमटीनं टाक, नाहीतर दोन घास खाऊन मासे तोंड मिटतील. थांब, माझ्याकडे ताजा ब्रेड जास्तीचा आहे."

लीनं आभार मानले आणि अर्धा पाव घेऊन गेला. क्लाइव्ह डोक्याला हात लावून बघत होता.

"शत्रूला नकाशा दिलास. वर शिधाही दिलास."

"शत्रू कसला? मासे धरायला आलाय बिचारा."

"आज तरी, नॉरिस. आज तरी जरा हलकट हो की रे."

दहाला शिट्टी झाली. ज्यांनी अशी थंडी काढली नाही त्यांना वाटेल, नुसतं बसून राहायचं, त्यात काय. पण जानेवारीत बोटाएवढा रोच मासा ब्रेडचा तुकडा ओठात धरतो आणि सोडतो, त्यात काडी बुडतही नाही, नुसती थबकते. तेवढ्या थबकण्यावर मनगट हलवावं लागतं. नॉरिसची बोटं साच्यांच्या कामानं जाड झालेली, तरी त्याचा हात हलका होता. पितळेच्या नळीनं ब्रेडची टिकली पाडायची, गळाला लावायची, तुकडे जोडून केलेला तेरा मीटरचा बांबू पुढं सरकवायचा, वाट बघायची. एकेक करत रोच येत गेले, चांदीच्या अंगाचे, लाल परांचे, प्रत्येक जण तळहातात मावेल असा. मधूनच त्याला बोटांत ऊब यावी म्हणून हात काखेत घालावे लागत. क्लाइव्हकडे दुपारपर्यंत काहीही नव्हतं.

"काय रे, चाललंय का?" क्लाइव्हनं बोरूच्या आडून विचारलं.

"चाललंय. बारकेच आहेत, पण येतायत."

क्लाइव्हला स्वतःचं रिकामं जाळं सहन होईना. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यानं तोंड उघडलं. "कशाला हात गारठवून घेतोस? आत्ता विल्फ सांगून गेला. तुझ्या त्या लिंकनवाल्यानं तीन कार्प काढलेत. तीन! तीस पौंड तरी झाले असतील. तुझ्याच पावावर."

नॉरिस हसला नाही. एरवी हसला असता. पण सकाळी त्यानंच त्या माणसाला ब्रेड दिला होता, आणि आज त्याला जे हवं होतं ते इतकं हवं होतं, की ते हातचं गेल्याची बातमी त्याला लगेच खरी वाटली. आपण काही मागितलं की ते दुसऱ्याकडे जाणार, असं त्याच्या मनानं फार वर्षांपूर्वीच धरून ठेवलं होतं.

तरी तो उठला नाही. दोनच्या सुमाराला त्याला एक पसरट ब्रीम लागला, मग आणखी एक. मग पुन्हा रोच. क्लाइव्ह कंटाळून रिकामं जाळं झटकून केव्हाच केबिनकडे निघून गेला होता. जाताना "येतो रे" एवढंच म्हणाला. दुपारी मारलेली थाप तो विसरूनही गेला होता.

तीनला शेवटची शिट्टी झाली, आणि तिच्या पाठोपाठ समोरच्या काठावरून मोठा ओरडा आला, हसणं, टाळ्या. नॉरिसनं मान वर केली. तिकडं लीच्या जागेपाशी माणसं गोळा झाली होती. मग खरंच, त्याला वाटलं, तीस पौंड.

तिथली रीत अशी: शिट्टी झाली की मासे जाळ्यातच, पाण्याखाली ठेवायचे आणि तराजू येईपर्यंत थांबायचं. तराजू पहिल्या जागेपासून निघतो. ज्याला वाटतं आपण यात कुठंच नाही, तो तराजूची वाट न बघता जाळं उलटं करतो आणि मासे सोडून देतो. न मोजलेले मासे हिशेबात धरले जात नाहीत. दर सामन्यात कुणी ना कुणी सोडतंच, त्यात कमीपणाही नाही. नॉरिसची जागा शेवटची. तराजू अजून तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

ऊन गेलं तशी थंडी चावायला लागली. जाळं जरा वर उचलून त्यानं आत पाहिलं. हवा लागल्याबरोबर जाळ्याचे वरचे धागे कडक झाले, त्यांच्यावर बर्फाची साय धरली. तळाशी मासे एकमेकांत सरकत होते. अशा हवेत बाहेर काढले तर बारक्या माशांचे कल्ले भाजल्यासारखे होतात. डॅरेन या बाबतीत फार कडक होता. जिंकणार असाल तर काढा बाहेर, म्हणायचा, नाहीतर पाण्यातल्या पाण्यात सोडा, बाबा, उगाच मिरवायला नको. त्यावरून त्यानं एकदा खुद्द विल्फना झापलं होतं.

नॉरिस पुन्हा एकदा समोर बघत राहिला. चारेक पौंड होते त्याच्याकडे. तिकडं तीस. त्यानं जाळ्याचं टोक धरलं, पाण्यातच उलटं केलं आणि ते सगळे, ब्रीमसुद्धा, काळ्या पाण्यात उतरून गेले. मग त्यानं सामान आवरायला घेतलं.

तराजू घेऊन विल्फ आणि आणखी एक जण आले तेव्हा तो बांबूचे तुकडे पुसत होता.

"चल नॉरिस, काढ बाहेर," विल्फ दुरूनच म्हणाले. ते आनंदात होते. त्यांना घाई झाली होती.

"सोडले."

"काय सोडले?"

"मासे. तुम्हाला एवढ्या लांब कशाला आणायचं म्हटलं. म्हणजे आलातच म्हणा."

विल्फ थांबले. त्यांच्या हातातला तराजू वाऱ्यानं हलत होता. "किती होते?"

"चार असतील. त्या मुलाच्या कार्पपुढं काय ते."

"कसले कार्प?" विल्फबरोबरचा माणूस बोलून गेला. "आज या तळ्यात कार्पनं तोंड उघडलंय कुठं? सगळ्यांत जास्त तोच आहे, लिंकनवाला. पावणेतीन पौंड."

विल्फनी त्याचा दंड धरला, पण उशीर झाला होता.

"मग तो ओरडा?" नॉरिसनं विचारलं.

"त्याचा पाय घसरला काठावरून. कमरेपर्यंत पाण्यात गेला," विल्फ म्हणाले. नॉरिसनं मान हलवली. हातातला बांबूचा तुकडा त्यानं पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतला.

केबिनमध्ये ही गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. तो आत आला तशी माणसं बाजूला सरकली. पॉलीन चहाच्या टेबलामागं उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या जाळ्याकडे, आणि कप विसळायला घेतले. ते विसळलेलेच होते.

क्लाइव्ह त्याला ओढत दारामागं घेऊन गेला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"नॉरिस, मी गंमत केली रे. तुला माहीत आहे मी कसा आहे ते. चाळीस वर्षं तू एकदा तरी माझं खरं मानलंस का?"

"आज मानलं."

"मी साक्ष देतो. मी पाहिलेत तुझे मासे, चारच्या वर होते. मी विल्फला सांगतो."

"तराजूनं नाही पाहिले."

"मग मी त्या पोराला सांगतो. ही काडी कुणाची आहे ते कळलं तर तो क्षणभरही हातात ठेवणार नाही. साधा आहे तो."

"म्हणूनच सांगायचं नाही." नॉरिसनं त्याची बाही घट्ट धरली. "ओल्या पँटीत तराजू येईपर्यंत वाऱ्यात थांबला तो. सगळे मोजून दिले. मी नाही दिले. क्लाइव्ह, तू बोललास तर मी तुझं तोंड पुन्हा बघणार नाही."

"आणि पॉलीन?"

नॉरिसनं त्याची बाही सोडली.

बक्षीस दर वर्षी नॉरिसच्याच हातून दिलं जाई. आधी विल्फ डॅरेनबद्दल चार शब्द बोलत. नॉरिसनं त्यांना डोळ्यांनीच नको म्हटलं. मग विल्फनी फक्त नाव पुकारलं. कुणाची तरी उसनी विजार घालून ली पुढं आला. केवढ्या तरी आनंदात होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्यांना आवाज कमी होता. त्याला वाटलं, परक्याच्या वाट्याला अशाच टाळ्या येत असतील.

बरणीखालची काडी त्यानं खिडकीच्या उजेडात धरली. "बाप रे. हातानं केलीय ही?"

"हो."

"आणि नुसती शोभेला ठेवलीत? काका, हिला पाणी दाखवलं पाहिजे. मी वापरणार हिला. माझ्या पोरीला शिकवतोय मी, सात वर्षांची आहे. तिच्या गळाला लावतो."

कुणीतरी खोकलं. नॉरिस थोडा पुढं झाला. "लाव. पण दोऱ्याला वजनाचे दाणे लावशील ते बेतानं. दिसते त्यापेक्षा हलकी आहे ती. सगळे खाली एका जागी बांधू नकोस, पसरून लाव, म्हणजे सावकाश बसते. टोक अगदी नारिंगी ठिपक्यापर्यंतच वर राहू दे. ठिपका मोठा ठेवला की मासे घाबरतात असं त्याचं म्हणणं होतं."

"ज्यानं केली त्याचं?"

"हो."

"ओळखत होता तुम्ही त्याला? या डॅरेनला?"

"बरोबर मासे धरायचो आम्ही," नॉरिस म्हणाला.

लीनं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि ब्रेडबद्दल पुन्हा आभार मानले.

बाहेर नॉरिस सामान गाडीत भरून चाकामागं जाऊन बसला. समोरच्या काचेवर पुन्हा बर्फ धरला होता, त्यातून त्याला पॉलीन लीच्या व्हॅनकडे जाताना दिसली. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेली सँडविच होती. ली काहीतरी बोलला, हसला, व्हॅनचं मागचं दार उघडून त्यानं तिला आतली बरणी दाखवली. ती वाकली. बराच वेळ वाकून बघत राहिली. तिचे दोन्ही हात पाठीमागं होते. मग तिनं सँडविचचं पुडकं त्याच्या हातात दिलं आणि परत आली. शेजारी बसली, दार लावून घेतलं.

"काय म्हणालीस त्याला?"

"रस्ता गोठलाय, सावकाश चालव म्हटलं."

नॉरिसनं किल्ली लावली होती, फिरवली नव्हती.

"किती होते?" तिनं विचारलं.

"चार. जरा जास्तच."

"मग थांबला का नाहीस?"

"हवा फार गार होती, पॉलीन. बारकेच मासे. बाहेर काढले असते तर त्यांचे कल्ले..."

"माशांची दया आली तुला."

ती रागानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त बोलली, आणि मांडीवरचे हातमोजे एकावर एक नीट ठेवत राहिली.

लिंकनची व्हॅन राखेच्या वाटेवरून त्यांच्या जवळून गेली. लीनं दोनदा आनंदानं हॉर्न वाजवला. सवयीनं नॉरिसचा हात वर गेला. पॉलीननं तो हात पाहिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.